बंद घड्याळावर शिकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापूर्वी घड्याळदुरुस्तीचा नाद लागला. हत्यारांचा संच मागवला, जुन्या बाजारातून बंद पडलेली चार-पाच एचएमटी घड्याळं स्वस्तात उचलली आणि व्हिडिओ बघत उघडली. एकही चालू झालं नाही, दोन तर आणली त्यापेक्षा वाईट झाली. मग सीकोचं एनएच३५ हे तयार मशीन, केस, डायल, काटे असं सगळं नवं आणून स्वतःचं घड्याळ जुळवलं. त्यात काचेखाली धूळ राहिली आणि सेकंदकाटा अधूनमधून अडकतो. हे आपल्या हाताला जमणारं नाही असं समजून सोडून द्यावं का, असं तुम्ही विचारताय.

सोडू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात हात वाईट असल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. क्रम चुकलाय. तो बहुतेकांचा चुकतो, कारण बंद घड्याळ स्वस्तात मिळतं आणि बिघडलं तरी काय जातंय असं वाटतं. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी बंद घड्याळाइतकं महाग दुसरं काही नाही.

शिकताना प्रत्येक पायरीवर एक गोष्ट कळावी लागते: मी आत्ता केलं ते बरोबर की चूक? चालू घड्याळाचा बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) काढून परत बसवला आणि ते चाललं नाही, तर चूक गेल्या दहा मिनिटांतली आहे. शोधली की सापडते. बंद घड्याळात पिव्होट (चाकाच्या आसाचं बारीक टोक) वाकलेला असेल, एखाद्या ज्वेलला (पिव्होट ज्यात फिरतो त्या दगडाला) तडा असेल, हेअरस्प्रिंग (बॅलन्सवरची बारीक स्प्रिंग) आधीच कोणी चिमट्याने ओढलेली असेल, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताण साठवणारी स्प्रिंग) थकलेली असेल, किंवा नुसतंच जुनं तेल वाळून चिकट झालं असेल. तुम्ही पाच गोष्टी नीट केल्या आणि सहावी तुमच्या आधीच मोडलेली असली, तर घड्याळ बंदच राहतं. मग नीट केलेल्या पाच गोष्टींवरचा विश्वासही उडतो. वैताग येतो तो इथून.

त्यात आपल्याकडच्या जुन्या बाजारातल्या मालाचा आणखी एक त्रास आहे. संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात तसली घड्याळं सगळीकडे पसरलेली आहेत: डायल नव्याने रंगवलेली, अक्षरं जाड आणि पसरलेली, कारखान्याने कधीच काढला नव्हता असा भडक रंग, आणि आत दोन-तीन मशीनचे भाग एकत्र कोंबलेले. एचएमटी आणि सीको ५ या दोन्हींच्या बाबतीत हे सर्रास होतं. अशा मशीनमध्ये स्क्रू एकीकडचे, ब्रिज (चाकांना वरून धरणारी पट्टी) दुसरीकडचा, बॅलन्स तिसऱ्याचा. यावर अनुभवी माणूसही तास घालवतो, तुम्ही तर शिकताय. मुंबईचं नाव या मालाला चिकटलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच शहरात जिन्याखालच्या चार फुटांच्या दुकानात बसून अप्रतिम काम करणारी माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून आता एवढं करा. ती बंद घड्याळं डब्यात ठेवा, प्रत्येकाचे भाग वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. आणि एचएमटीची दोन चालू ‘जनता’ घड्याळं घ्या. रोज चावी देऊन कोणीतरी वापरत असलेली मिळाली तर फार उत्तम. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभारला, आणि पुढे जनतासकट कित्येक मॉडेलांत घातलेलं ०२३१ हे मशीन त्याच सिटिझनच्या घराण्यातलं आहे. १७ ज्वेल, तासाला १८,००० ठोके, चावीचं, जनतामध्ये तारीखही नाही. भाग मोठे, रचना मोकळी. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय गुंडाळायचं ठरवलं, तरी ही घड्याळं इतकी बनली की सुट्या भागांसाठी दुसरं घड्याळ सहज मिळतं. दोन घ्यायचं कारण हेच: एक उघडायचं, दुसरं समोर ठेवून पाहायचं.

उघडण्याआधी मोजा. पूर्ण चावी देऊन दिवसभरात किती पुढे किंवा मागे जातं ते लिहून ठेवा. ही तुमची पट्टी. पुढे प्रत्येक वेळी तुम्हाला फक्त एवढंच साधायचं आहे की घड्याळ बंद करून, खोलून, जोडून पुन्हा त्याच आकड्याच्या जवळ आणायचं. सुधारायचं नाही, साफ करायचं नाही, तेल द्यायचं नाही. पहिले काही दिवस फक्त बॅलन्स काढा आणि बसवा. हात बसला की पॅलेट फोर्क (चाकं आणि बॅलन्स यांच्यामधला दुफाटा भाग). मग ट्रेन, म्हणजे एकमेकांना फिरवणाऱ्या चाकांची रांग. डायलखालची चावीची आणि काटे फिरवायची रचना सगळ्यात शेवटी, कारण तिथली स्प्रिंग उडते.

बॅलन्सला हात लावण्यापूर्वी मेनस्प्रिंगमधला ताण सोडायचा ही सवय आत्ताच लावून घ्या. चावी बोटांत घट्ट धरायची, रॅचेट व्हीलला (मेनस्प्रिंग आवळणाऱ्या चाकाला) अडवणारी क्लिक, म्हणजे छोटा खटका, हलकेच बाजूला सारायची, आणि चावी बोटांमधून हळूहळू उलटी फिरू द्यायची. ताण असताना पॅलेट फोर्क काढला तर सगळी ट्रेन सुसाट सुटते आणि पिव्होट जातात. तुमची ‘आणली त्यापेक्षा वाईट’ झालेली दोन घड्याळं मला इथलीच वाटतात.

बॅलन्स परत बसवताना घाई स्क्रूपाशी होते. चाक जागेवर गेलं, ते झुलायला लागलं, की मगच स्क्रू आवळायचा; आवळता आवळता झुलणं थांबलं तर त्याच क्षणी स्क्रू सैल करायचा. पिव्होट ज्वेलच्या भोकात नाही, काठावर आहे, आणि बॅलन्सचा पिव्होट साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असतो. ट्रेन ब्रिजलाही हाच नियम. तीन-चार पिव्होट एकाच वेळी आपापल्या भोकांत जायला हवेत. ब्रिज वर नुसता टेकवा, बोटाच्या वजनापेक्षा जास्त दाब नको, एकेक चाक लाकडी काडीने हलवत राहा. सगळे आत गेले की ब्रिज आपोआप खाली बसतो, आणि बॅरलला (मेनस्प्रिंगच्या डबीला) जरासं ढकललं तर शेवटचं चाकही फिरतं. ते फिरेपर्यंत स्क्रूला हात नाही. या एका जागी दुरुस्ती शिकणारे सगळ्यात जास्त भाग मोडतात, म्हणून इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

आता हत्यारांबद्दल, कारण तुमचा संच मला माहीत आहे. तसलाच सगळे घेतात. त्यातले स्क्रू ड्रायव्हर फेकू नका, पण आहेत तसे वापरूही नका. त्यांची पात टोकाला जाड आणि गोल असते, स्क्रूच्या खाचेत तळापर्यंत जात नाही, म्हणून घसरते आणि ब्रिजवर ओरखडा उठतो. बारीक तेल-दगडावर दोन्ही बाजूंनी घासून पात अशी करा की ती खाचेच्या तळाला टेकेल आणि खाचेच्या लांबीइतकी रुंद असेल. ०.८०, १.००, १.२० आणि १.६० मिलिमीटर एवढे चार नीट लावून घेतले की जनताचं बहुतेक सगळं काम होतं. पात मऊ असेल तर पुन्हा पुन्हा घासावी लागेल. तेवढं करा, कारण घासताघासताच खाच आणि पात यांचं नातं कळतं. आणि बऱ्याच मशीनमध्ये क्राउन व्हीलचा (चावी देताना फिरणाऱ्या चाकाचा) स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. कधी त्याच्या डोक्यावर तीन रेघा असतात, कधी काहीच खूण नसते. जोर लावण्याआधी दोन्ही दिशांना हलकेच दाबून पाहा.

चिमट्यावर मात्र पैसे खर्च करा. एकच चिमटा, पण टोकं नेमकी जुळणारा. बारीक भाग उडतात ते हात थरथरतो म्हणून नाही. टोकं जुळत नसली की भाग धरायला जास्त दाबावं लागतं, आणि दाबला की तो निसटतो. दाब कमी करायला शिकवणारी गोष्ट म्हणजे चांगली टोकं.

भाग हरवणं हा तर स्वतंत्र छळ आहे. कारागिरांचं टेबल जवळजवळ छातीपर्यंत येतं, त्यामागे कारण आहे: कोपर टेकतं, मान वाकत नाही, आणि पडलेली वस्तू टेबलावरच राहते. घरच्या जेवणाच्या टेबलावर खाली बुटकी खुर्ची घेऊन बसलात तरी फरक पडतो. टेबलाच्या कडेला पांढरं कापड टाचून त्याचं दुसरं टोक मांडीवर घ्या. पंखा बंद. मोझेकच्या फरशीवर पडलेला स्क्रू डोळ्यांना दिसत नाही. तो चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फरशीवरून फिरवल्यावर सापडतो, आणि मग डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) धरूनच परत मशीनमध्ये जातो. स्प्रिंग काढताना मशीन आणि हात दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. हे करायला लाज वाटायचं काही कारण नाही.

खोलणं-जोडणं हाताशी आलं की मगच साफसफाई आणि तेल. आपल्याकडे बहुतेक दुकानांत सगळं पेट्रोलमध्ये बुडवतात, आणि पेट्रोल चिकटपणा काढतं हे खरं. घरात ते नको, आगीचा धोका आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणारे बरेच असतात, त्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: पॅलेट फोर्कचे दगड आणि बॅलन्सचा छोटा इम्पल्स ज्वेल लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दोन भाग अल्कोहोलमध्ये ठेवून विसरलात तर दगड हलतो, आणि मग घड्याळ का चालत नाही ते तुम्हाला महिनाभर कळणार नाही. ते दोन भाग वेगळे, लाइटर फ्लुइडसारख्या हलक्या द्रवात पटकन, उघड्या ज्योतीपासून लांब, खिडकी उघडून. बाकीच्या भागांची भोकं टोकदार लाकडी काडी फिरवून साफ करा. काडी काळी निघायची थांबेपर्यंत.

तेल जितकं कमी तितकं बरं. बॅलन्सच्या ज्वेलला मोबियस या कंपनीचं ९०१० तेल, पॅलेटच्या दगडांच्या टोकांना ९४१५, जिथे ताण जास्त आणि वेग कमी तिथे घट्ट तेल किंवा ग्रीस. पॅलेट फोर्कच्या पिव्होटना तेल द्यायचं नाही. शिवणयंत्राचं तेल अजिबात नको, ते पसरतं आणि जिथे नको तिथे जाऊन बसतं. हेअरस्प्रिंगला लागलं तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं. लोहचुंबकाचा परिणाम झाला तरी हेच लक्षण दिसतं. म्हणून घड्याळ अचानक खूप पुढे जायला लागलं तर उघडण्याआधी डीमॅग्नेटायझ करून पाहा. हे मिनिटभराचं काम आहे आणि कित्येकांची दुरुस्ती तिथेच संपते.

टाइमग्राफर (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) घेतला असेल तर त्यातल्या आकड्यांनी खचू नका. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात ३० सेकंदांची चूक म्हणजे ०.०३५ टक्के. एनएच३५ साठी खुद्द कंपनी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी मोकळीक देते. तुमच्या टेबलावर ते अधिक १२ दाखवत असेल तर मशीन उत्तम आहे. पूर्ण चावी दिलेली, डायल वर, अशा अवस्थेत अँप्लिट्यूड (बॅलन्स किती अंश झुलतो तो आकडा) २७० अंशांच्या पुढे असेल तर आनंद माना. जुन्या जनताला २५० आले तरी मी ते घड्याळ ग्राहकाला देईन. २०० च्या खाली गेलं की घाण, वाळलेलं तेल किंवा थकलेली मेनस्प्रिंग शोधायची. एनएच३५ मोजताना टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (मशीननुसार भरायचा कोन) ५३ भरा. यंत्रात बहुतेकदा आधीपासून ५२ असतो, आणि चुकीच्या कोनावर अँप्लिट्यूडचा आकडाही चुकतो. टाइमग्राफरवर रेघ सरळ येते पण संध्याकाळी घड्याळ दहा मिनिटं मागे असतं, असं झालं तर बॅलन्सला हात लावू नका. तिथे कॅनन पिनियन (मिनिटकाटा ज्यावर बसतो ती नळी) सैल असतो: मशीन बरोबर चालतं, काटेच मागे राहतात.

हेअरस्प्रिंगबद्दल मी खोटी आशा देणार नाही. वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणं ही वर्षांची साधना आहे. दोन चिमट्यांनी, एका वेढ्यावर, केसाएवढा बदल, मग पुन्हा पाहणं. तुमच्या डब्यातल्या बंद घड्याळांचा खरा उपयोग इथे आहे. त्यातल्या वाया गेलेल्या हेअरस्प्रिंग मुद्दाम वाकवा आणि सरळ करून पाहा, घड्याळ चालू करायचं ओझं न ठेवता.

आता तुमचं जुळवलेलं घड्याळ. दुरुस्ती आणि जुळवाजुळव ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं सोपं आहे असं सगळीकडे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. तिथे मशीन तयार मिळतं, पण काटे, डायल आणि स्वच्छता यांत क्षमा नाही.

सेकंदकाटा कुठे अडकतो ते पाहा. तास आणि मिनिटकाट्यावरून जाताना अडकत असेल तर उंचीचा प्रश्न आहे: तिन्ही काटे १२ वर आणा आणि डोळा डायलच्या पातळीला नेऊन कडेने बघा, तिघांमध्ये स्पष्ट फट दिसायला हवी. दर फेरीत एकाच ठिकाणी अडकत असेल तर तिथला अंक किंवा आतली कड लागते आहे. कुठेही आणि कधीही थांबत असेल तर काटा नळीवर तिरका बसलाय. एनएच३५ च्या काट्यांच्या भोकांची मापं तासकाटा १.५०, मिनिटकाटा ०.९०, सेकंदकाटा ०.२० मिलिमीटर, सेकंदकाट्याची नळी एवढी बारीक की ती तिरकी दाबली तर भोक मोठं होतं आणि काटा पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. म्हणून काट्यांचा एक स्वस्त जोड फक्त सरावाला ठेवा. आणि काटे बसवताना आधी तारीख उलटेपर्यंत चावी फिरवायची, उलटली त्या क्षणी थांबायचं, तिथेच तास आणि मिनिट दोन्ही १२ वर लावायचे. नाहीतर तारीख पहाटे तीनला बदलते.

केस मागवताना चावी डायलच्या ३ च्या जागी आहे की ३.८ च्या (४ च्या किंचित आधी) ते बघून तारखेची चकती घ्या. दोन्हींवरचे आकडे वेगळ्या कोनात छापलेले असतात. चुकीची घेतली तर खिडकीत आकडा तिरका दिसतो, आणि लोक डायल सरकवत बसतात.

धुळीवर उपाय एकच: डायलवर तिरका टॉर्च मारायचा आणि रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे बारीक थेंब डायलवर डाग पाडतात. काचेची आतली बाजू शेवटच्या मिनिटाला पुसायची आणि लगेच बंद करायचं. जुलैत मुंबईत किंवा कोकणात केस बंद करत असाल तर दमट हवाच आत कोंडली जाते. मग एसीत गेल्यावर काचेला आतून बाष्प धरतं आणि वाटतं की पाणी शिरलं. एसीच्या खोलीत थोडा वेळ उघडं ठेवून मग बंद करा. आणि झाकणावर २०० मीटर छापलेलं असलं तरी प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय ते घड्याळ घालून पोहायला जाऊ नका.

चावीचा स्टेम (तिची मशीनमध्ये जाणारी दांडी) कापताना जास्त लांब ठेवा आणि कानशीने कमी करत जा. एक जादा स्टेम नेहमी घरात असू द्या.

आजोबांच्या जुन्या घड्याळाचाही तुम्ही ओझरता उल्लेख केलाय, ज्याचे काटे आता अंधारात चमकत नाहीत. त्याचं डायल काढू नका. १९६० च्या आधीच्या अशा घड्याळांत रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणजे त्यातलं चमकणारं मिश्रण जळालं, रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं. काट्यांवरची पूड नाकात किंवा पोटात जाणं हा खरा धोका. शिवाय त्या काळातल्या अनेक मशीनमध्ये बॅलन्सला धक्क्यापासून संरक्षण नसतं, एकदा पडलं की स्टाफचा (बॅलन्सच्या आसाचा) पिव्होट मोडतो, आणि नवीन स्टाफ बसवायला लेथ आणि त्यावर बसलेला हात लागतो. ते जाणत्या कारागिराकडे द्या.

आणि असा कारागीर शोधाच. तुमच्या गावात एखादे काका अजून आय ग्लास लावून बसत असतील. फुकट शिकवा म्हणून जाऊ नका. त्यांचा वेळ हाच त्यांचा धंदा आहे. गर्दी नसेल तेव्हा जा, काम घेऊन जा, सांगतील ती मजुरी द्या, आणि शेजारी उभं राहून बघू द्याल का असं विचारा. बरेच जण हो म्हणतात, कारण विचारणारेच आता उरलेले नाहीत. पहिल्या खेपेला त्या वाईट झालेल्या दोन मशीनपैकी एक न्या. दुरुस्त करून मागू नका. यात आधीपासून काय मोडलेलं होतं आणि माझ्या हातून काय मोडलं, एवढंच त्यांना वेगळं करून दाखवायला सांगा.